खटका उचलण्यापूर्वी

बुलढाण्यास उन्हाळ्यात पंखादेखील लागत नसे, अशी आठवण सांगणारी वडीलधारी माणसे आमच्या आळीत अद्याप आहेत, आणि घाटमाथ्यावरच्या या गावाला विदर्भात थंड हवेचा जो लौकिक लाभला तो पाहता त्यांच्या बोलण्यात अतिशयोक्ती नसावी. परंतु ज्या उन्हाने घाटाखालचे मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे चैत्रापासूनच भाजून निघतात, ते ऊन आता राजूर घाट चढून वर आले आहे, आणि त्याच्या मागोमाग पत्र्याचा तो अवाढव्य कूलरही आला आहे. दुपार कलली की घरोघर वाळ्याच्या ताट्यांवर पाणी झिरपू लागते, लहान पंपांची घरघर सुरू होते, आणि ज्या तारा कधी काळी दोन दिवे आणि एक रेडिओ एवढ्याच भाराच्या हिशेबाने भिंतीत घातल्या गेल्या, त्यांच्यावर कूलर, शीतकपाट, पाण्याची मोटर आणि इस्त्री यांचा एकत्रित बोजा पडतो.

अशाच एका वैशाखी संध्याकाळी आमच्या घरातील खटका पडला. खटका म्हणजे मीटरच्या पेटीशेजारी ओळीने बसविलेल्या त्या लहान कळांपैकी एक, जिला सर्वजण एमसीबी म्हणतात. मी तो उचलला. पाऊण तासाने तो पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी शेजारच्या गल्लीतील एका तरुण वायरमनला बोलावले. पेटीकडे क्षणभर पाहून तो म्हणाला, ‘‘काकाजी, सोळाचा हाय म्हणून पडते तो. बत्तीसचा टाकून देतो, मंग पडनार नाही.’’ त्याच्या बोलण्यात कपट नव्हते. गिऱ्हाइकाला उजेड हवा असतो, कारण नको असते, हा धडा त्याला आम्हीच, म्हणजे माझ्यासारख्या शेकडो गृहस्थांनी, दिलेला आहे. त्या संध्याकाळी मी त्याला तो खटका बदलू दिला नाही. आणि त्यानंतर जे काही हाती लागले ते जिल्ह्यातील प्रत्येक घरापर्यंत पोचावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

या खटक्याचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. त्यापूर्वी, आणि आपल्याकडे तर अगदी परवापर्यंत, त्याचे काम चिनी मातीच्या पांढऱ्या फ्यूजमधील एक बारीक तार करीत असे. प्रवाह वाढला की ती वितळे आणि घर अंधारात जाई. ती तार पुन्हा बांधणे हे प्रत्येक घरातील कर्त्या पुरुषाचे काम होते, आणि बारीक तार वरचेवर जाते म्हणून वायरचे चार पदर एकत्र पिळून बांधण्याची सवयही तेव्हापासूनचीच. १९२४ साली जर्मनीतील मानहाइम येथे ह्यूगो श्टोट्झ यांच्या कारखान्यात तारेऐवजी पुन्हा उचलता येणारा खटका तयार झाला, आणि त्याच्या पोटात दोन वेगवेगळ्या यंत्रणा बसविण्यात आल्या. पहिली यंत्रणा दोन धातूंच्या जोडपट्टीची: प्रवाह मर्यादेपेक्षा थोडा अधिक झाला की ही पट्टी हळूहळू तापते, वाकते आणि शेवटी कळ सोडते. दुसरी तारेच्या वेटोळ्याची: दोन तारा एकमेकींना भिडून प्रवाह एकाएकी उसळला की वेटोळ्याचे चुंबक होऊन ते निमिषार्धात कळ खेचते. मानकांनी या दोहोंच्या मर्यादा आखून दिल्या आहेत. १६ अँपिअरचा खटका १८ अँपिअरवर तासभर तग धरलाच पाहिजे आणि २३च्या पुढे तासाच्या आत पडलाच पाहिजे. आणि घरात सर्वसाधारणपणे बसविल्या जाणाऱ्या ‘सी’ जातीचा असेल तर ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान केव्हातरी तो तत्क्षणीच पडतो.

यावरून एक गोष्ट उघड होते, आणि ती ठाऊक असलेला मनुष्य निम्मा तपास जागच्या जागी करू शकतो: खटका का पडला हे तो किती वेळाने पडला यावरून कळते. उचलताक्षणी फटकन खाली आला, तर कोठेतरी तारा भिडल्या आहेत. मग तो पुनःपुन्हा उचलणे म्हणजे त्या जागी दर खेपेस ठिणगी पाडणे होय. दहा-वीस मिनिटांनी किंवा तासाभराने पडला, तर उष्णतेचा प्रश्न आहे: भार अधिक असेल, अथवा एखादा सांधा सैल असेल. आणि पहिल्या पावसात, भिंती ओलावल्यावर पडू लागला, तर ओल तारेपर्यंत पोचली आहे. म्हणून खटका पडला की घरातल्या माणसाने प्रथम घड्याळाकडे पाहावे, आणि त्या वेळी काय काय चालू होते याची नोंद कागदावर करावी. तलाठ्याच्या दप्तरात पिकाची नोंद जशी जागेवर जाऊन होते, तशीच ही नोंदही पेटीसमोर उभे राहूनच व्हावयास हवी. सकाळपर्यंत ती कोणाच्याही लक्षात राहत नाही.

त्यानंतरची रीत सोपी आहे, पण ती धीराने पार पाडावी लागते. हात आणि जमीन कोरडी असावी, पायांत वहाणा असाव्यात. पेटीतून जळकट वास येत असेल, खटक्याचे अंग काळवंडले असेल किंवा हाताला चटका बसण्याइतके तापले असेल, तर तपास तेथेच संपला. मुख्य कळ बंद करून परवानाधारक माणसाची वाट पाहावी. तसे काही नसेल तर त्या खटक्यावरची सर्व उपकरणे केवळ बटणाने बंद न करता त्यांच्या पिनाच काढून ठेवाव्यात, कारण बटण बंद असतानाही सदोष उपकरणाची एक तार वाहिनीला जोडलेली राहू शकते. पाच-दहा मिनिटे आतील पट्टीला निवू द्यावे. कित्येक खटके पडल्यावर मधोमध थांबतात. त्यांना आधी पूर्ण खाली दाबून मगच वर करावे लागते, आणि हे ठाऊक नसल्यामुळे चांगला खटका ‘खराब झाला’ म्हणून फेकून दिला जातो. सर्व पिना काढलेल्या असतानाही तो उभा राहत नसेल, तर दोष भिंतीतील तारांत आहे आणि तो आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. उभा राहिला, तर एकेक उपकरण जोडीत जावे, प्रत्येकाला पुरेसा वेळ द्यावा, आणि कोणते जोडल्यावर तो पडतो ते पाहावे.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. भारनियमनाच्या वर्षांनी आपल्या जिल्ह्यात घरोघर इन्व्हर्टर आणून ठेवला आहे, आणि मुख्य कळ खाली पाडल्यावरही त्या इन्व्हर्टरवरचे दिवे, पंखे आणि त्यांच्या तारा जिवंतच राहतात. पेटी उघडणाऱ्याने तो आधी बंद करावा. तसेच आपला खटका जागेवर उभा असून घरात अंधार असेल, तर प्रथम शेजाऱ्यांकडे पाहावे. तेथेही अंधार असला तर दोष बाहेरचा, रोहित्राचा, ज्याला आपण डीपी म्हणतो त्याचा आहे. त्या डीपीजवळ जाऊन काठीने फेज टाकण्याचे धाडस खेड्यापाड्यांत तरुण मुले करतात आणि त्याचे कौतुकही होते. ते कौतुक आपण वडील माणसांनी थांबविले पाहिजे. १९१२ हा तक्रारीचा क्रमांक देशभर एकच आहे. तेथे फिर्याद नोंदवावी आणि अंधारात बसावे लागले तरी बसावे.

माझ्या घरच्या तपासात असे झाले. सर्व उपकरणांवरील वॅटचे आकडे मांडून मी बेरीज केली, तेव्हा ती २,००० वॅटच्या आसपास आली, म्हणजे २३० व्होल्टला नऊ अँपिअरसुद्धा नव्हेत. मग १६चा खटका पडावा का? याचा अर्थ, भार हे कारण नव्हते. दुसऱ्या दिवशी, तारतंत्रीचा परवाना चाळीस वर्षे बाळगून असलेले एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांनी मुख्य कळ पाडली, इन्व्हर्टर बंद केला, टेस्टरने दोनदा खात्री केली, आणि खटक्याच्या खालच्या टोकाचा स्क्रू फिरविला. तो अर्धा आटा सैल होता. त्यात अडकविलेल्या तारेचे वेष्टण बोटभर तपकिरी झाले होते. सैल सांध्यातून प्रवाह गेला की तेथे उष्णता होते, ती उष्णता खटक्याच्या अंगात शिरते, आतील पट्टीला ती आपलीच वाटते, आणि भार नसतानाही पट्टी वाकते. त्या तरुणाने सुचविलेला ३२चा खटका बसविला असता, तर तो त्या उष्णतेला दाद न देता उभाच राहिला असता, आणि तो सांधा आमच्या लाकडी पेटीत रात्रभर तापत राहिला असता. शिवाय तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: दुप्पट प्रवाह तर चौपट उष्णता. १६ अँपिअरच्या मापाने घातलेल्या तारेवर ३२चा पहारेकरी नेमणे म्हणजे, तार जळू लागेपर्यंत झोपून राहण्याचा हुकूम त्याला देणे होय. गावात याला ‘डायरेक्ट करून टाकले’ म्हणतात.

येथवरची हकीकत खटक्याच्या बाजूची झाली. तो खोटे बोलत नाही, हे तिच्यावरून सिद्ध होते. पण त्याच तपासात दुसरी एक गोष्ट उघडकीस आली, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण ती आहे. एकेक उपकरण जोडीत असताना त्या वृद्ध गृहस्थांनी सहज म्हणून टेस्टरचे टोक कूलरच्या पत्र्याला लावले आणि टेस्टरमधील दिवा उजळला. कूलरच्या पत्र्यात वीज उतरली होती. पाण्यातील लहान पंपाची तार टाकीच्या धारदार कडेवर घासून सोलली गेली होती. आणि खटका? तो शांतपणे उभा होता. ज्या दोषासाठी तो तीन वेळा पडला तो एका स्क्रूच्या अर्ध्या आट्याने दुरुस्त झाला, आणि जो दोष कोणाचाही प्राण घेऊ शकला असता त्यासाठी तो एकदाही पडला नव्हता.

हे असे का होते, ते आकड्यांनी सांगितल्याशिवाय पटत नाही. ओल्या हातांच्या, अनवाणी माणसाच्या देहाचा विरोध साधारण १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून पाव अँपिअरहून कमी प्रवाह जातो. १६ अँपिअरच्या खटक्याच्या दृष्टीने हा प्रवाह त्याच्या मर्यादेचा सुमारे सत्तरावा हिस्सा, म्हणजे रात्रीच्या दिव्यासारखी एक क्षुल्लक बाब. पण त्याच्या निम्म्या प्रवाहानेही हृदयाची लय मोडून मृत्यू येऊ शकतो. एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. हे वाक्य वीज जोडणीच्या प्रत्येक कागदावर ठळक अक्षरांत छापावयास हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. देशात विजेच्या धक्क्याने होणारे मृत्यू अलीकडच्या वर्षांत बारा हजारांवर नोंदले जातात, आणि उन्हाळा आला की कूलरला हात लावताच कोणी गेल्याची वार्ता विदर्भातील वृत्तपत्रांत हटकून येते. चालू कूलरमध्ये पाणी भरणारी ती बहुधा घरातली बाई असते किंवा लहान मूल असते.

माणसाचे रक्षण करणाऱ्या गोष्टी दोन. पहिली अर्थिंग, म्हणजे उपकरणाच्या पत्र्यापासून थेट जमिनीपर्यंत जाणारी तार, जिच्यामुळे पत्र्यात उतरलेली वीज माणसाची वाट न पाहता भूमीत जाते. आमच्या घरातील ही तार न्हाणीघरातील पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेली होती, आणि तो नळ दोन वर्षांपूर्वी आम्हीच काढून त्या जागी प्लास्टिकचा नळ घातला होता. तार जागेवर होती, गाठ पक्की होती, पण पलीकडे भूमी नव्हती.

भूमीविषयी आपल्या जिल्ह्याचे एक वैशिष्ट्य आहे, आणि ज्याने शेतात विहीर खणली आहे त्याला ते समजावून सांगावे लागणार नाही. घाटावर, बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार या बाजूस, हात-दोन हात माती गेली की मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. वैशाखात हा मुरूम इतका कोरडा होतो की त्यातून वीज सहज पुढे सरकत नाही. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खोल काळी माती आहे, आणि शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे खारपाणपट्टा. ती खारी, ओलसर माती विजेला सहज वाट देते, पण तोच क्षार गाडलेला लोखंडी नळ काही वर्षांत खाऊन टाकतो, आणि काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडल्या की ती नळाचे अंग सोडून बाजूला सरते. मानकाप्रमाणे अडीच मीटर लांबीचा, जस्ताचा मुलामा दिलेला नळ कोळसा व मीठ भरून गाडावयाचा असतो. वर घाटावर अडीच मीटर खणावयाचे तर सुरुंगाची भाषा निघते, म्हणून हातभर सळई ठोकून काम उरकले जाते. जमीन सर्वांत कोरडी, शरीर सर्वांत घामेजलेले आणि कूलर सर्वांत ओला, असे हे तिन्ही योग एकाच महिन्यात जुळून येतात.

आणि दुबळे अर्थिंग असूनही फसवते. समजा, त्या कोरड्या मुरुमात अर्थिंगचा विरोध २० ओहम आहे. कूलरच्या पत्र्यात पूर्ण वीज उतरली तरी २३० व्होल्टला जमिनीत साडेअकरा अँपिअरच प्रवाह जाईल. १६चा खटका पडणार नाही, मीटर धावत राहील आणि पत्रा जिवंतच राहील. म्हणून दुसरी गोष्ट अपरिहार्य ठरते: आरसीसीबी नावाचा गळतीचा खटका. हा प्रवाह किती मोठा आहे ते पाहत नाही. गेला तेवढा परत आला की नाही, एवढाच हिशेब तो ठेवतो, आणि जमाखर्चात ३० मिलिअँपिअरची तूट आली की काही शतांश सेकंदांत वीज तोडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनी घरगुती जोडणीसाठी हीच मर्यादा घालून दिली आहे. मात्र अगदी लहान भाराच्या जोडण्यांना त्या सक्तीतून वगळले आहे. या सवलतीला माझा विरोध आहे. लहान भाराचे घर म्हणजे एका खोलीचे घर, पत्र्याचे छप्पर, उंबऱ्याशी सांडलेले पाणी, हातउसना आणलेला जुना कूलर आणि अर्थिंगचा पत्ता नाही. ज्याला या संरक्षणाची सर्वाधिक गरज त्यालाच कायद्याने सूट द्यावी, हे मला न्याय्य वाटत नाही. शासकीय योजनेतून जी घरकुले बांधली जातात, त्यांच्या अंदाजपत्रकात दार आणि खिडकीप्रमाणे हा खटका आणि मोजून तपासलेले अर्थिंग यांची बाब असलीच पाहिजे.

‘तो सारखा पडतो, म्हणून काढून टाकला,’ असा या गळतीच्या खटक्याबद्दलचा खुलासा पुष्कळ घरांत ऐकू येतो. तो पडतो याची कारणे बहुधा दोनच असतात: खरोखर गळती आहे, किंवा वायरिंग करणाऱ्याने एका ओळीचा न्यूट्रल दुसरीला, नाहीतर इन्व्हर्टरच्या न्यूट्रलला, सोयीसाठी जोडून ठेवला आहे. दोन्ही सापडतात, अर्ध्या दिवसाच्या कामात सापडतात. या खटक्यावर ‘टी’ अक्षराचे एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे, खटका पडला नाही तर तो बदलावा.

मागणी काही फार मोठी नाही. नवीन जोडणीच्या वेळी वायरिंगचा चाचणी अहवाल घेण्याची पद्धत आहे, पण तो एकदा दप्तरात गेला की घराचे आयुष्य संपेपर्यंत पुन्हा कोणी पाहत नाही. आपल्या जिल्ह्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, तेथे तारतंत्री आणि वीजतंत्री हे अभ्यासक्रम आहेत, आणि अर्थिंगचा विरोध मोजण्याचे यंत्र हे त्या अभ्यासक्रमाचे नित्याचे साधन. चैत्र लागण्यापूर्वी ही मुले शिक्षकांसह गावोगाव जावीत, ग्रामपंचायतीने त्यांच्या जाण्यायेण्याचा व भोजनाचा बंदोबस्त करावा, आणि प्रत्येक घराचा आकडा त्या घराच्या मीटरपेटीच्या झाकणावर खडूने नव्हे तर रंगाने लिहून ठेवावा. मुलांना प्रत्यक्ष कामाचा सराव मिळेल आणि घराला आपल्या भूमीची खबर मिळेल. जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञानाच्या तासाला खटक्याची पेटी एकदा उघडून दाखविली, तर घरी ‘बत्तीसचा टाका’ म्हणणाऱ्या वडिलांना अडविणारे कोणीतरी तयार होईल.

आमच्या घरी परसात खड्डा खणला तेव्हा दीड हातावर पाषाण लागला. मग न्हाणीचे पाणी जेथे मुरते त्या पेरूच्या झाडाखाली जागा निवडली. तेथे माती खोल होती आणि ओलही होती. नळ गाडला, कोळसा-मीठ भरले, वर पाणी ओतण्यासाठी तोंड उघडे ठेवले, आणि उन्हाळाभर त्यात रोज बादलीभर पाणी घालण्याचे काम माझ्याकडे आले. वृद्ध तारतंत्रींनी मोजणीचे यंत्र आणले होते. ते आलेच आहे तर शेजारच्यांचेही पाहून घ्यावे, म्हणून त्याच संध्याकाळी आम्ही दोघे आळीत फिरलो. आळीच्या टोकाच्या घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती, ओसरीवर कूलर चालू होता, घरची सून प्लास्टिकच्या नळीने त्याच्या टाकीत पाणी सोडीत होती आणि तिचे लेकरू कूलरच्या पत्र्याला टेकून गार वाऱ्यात उभे होते. तारतंत्रींनी काही न बोलता आधी भिंतीवरची कळ बंद केली, पिन काढली, आणि पेटी खोलून आतला भाग मला दाखविला. सॉकेटच्या तिसऱ्या, अर्थिंगच्या भोकाला तारच जोडलेली नव्हती.